पुएब्लोंचीं मातीचीं भांडीं

घरांतील मडकें फुटलें म्हणजे त्याचें पुढें काय होतें, हें सांगावयास नको. चार दिवस खापऱ्या परसांत पडून राहतात आणि मग उकिरड्यावर जातात. फुटक्या मडक्याला किंमत नाहीं, असा आपला रोजचा व्यवहार आहे. परंतु उत्तर अमेरिकेंत, न्यू मेक्सिको राज्यांत, अॅकोमा नांवाचें एक गांव आहे. सुमारें ११० मीटर उंचीच्या, कडे तुटलेल्या खडकाच्या माथ्यावर तें वसलेलें आहे. तेथील बायका जुन्या खापऱ्या मुद्दाम वेंचून आणतात, दगडानें वाटून त्यांची पूड करतात आणि ती पूड मातींत कालवून नवें भांडें घडवितात. अशा रीतीनें पणजीच्या हातचें फुटलेलें मडकें पणतीच्या घागरींत उतरतें. ही घागरहि कधीं तरी फुटेल, आणि तिचीहि पूड कोणाच्या तरी मातींत मिसळेल.

ह्या चालीला व्यवहाराचें कारण आहेच. ओली माती वाळतांना आकसते आणि तडकते. एकदां भाजलेल्या खापरीची पूड तींत मिसळली, म्हणजे आकसणें कमी होतें व भांडें पातळ असूनहि तग धरतें. अॅकोमाचीं भांडीं त्यांच्या पातळपणाबद्दल नांवाजलेलीं आहेत, तें कांहीं अंशीं ह्याच युक्तीमुळें. परंतु तेथील जाणत्या बायका एवढेंच कारण देऊन थांबत नाहींत. पूर्वजांनीं मळलेली माती आपल्या भांड्यांत असावी, ही भावनाहि त्या कृतींत असते. उपयोग कोठें संपला आणि श्रद्धा कोठें सुरू झाली, हें येथें दाखवितां येत नाहीं. पुएब्लो लोकांच्या लेखीं मातीचें भांडें हा एक नात्याचा विषय आहे. गेल्या दीडशें वर्षांत बाहेरच्या जगानें त्याला विक्रीचा जिन्नस केलें, कलाकृति केलें, संग्रहालयांतील नमुना केलें. त्या सगळ्यांतून तें नातें कसें टिकलें, आणि त्यासाठीं कोणते प्रश्न सोडवावे लागले, हें आज थोडक्यांत पाहूं.

प्रथम हे लोक कोण, तें सांगितलें पाहिजे. पुएब्लो हा मुळांत स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ गांव असा आहे. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोक मेक्सिकोंतून उत्तरेकडे सरकले, तेव्हां दगडामातीचीं, मजल्यावर मजला चढविलेलीं घरें बांधून राहणारे लोक त्यांना आढळले. त्या लोकांना त्यांनीं हें नांव दिलें. हे सर्व एका जमातीचे नाहींत व त्यांची भाषाहि एक नाहीं. आज न्यू मेक्सिकोंत त्यांचे १९ समाज आहेत आणि पश्चिमेस आरिझोनांत होपी लोकांचीं गांवें आहेत. प्रत्येकाचा कारभार निराळा, सणवार निराळे, आणि भांड्यांपुरतें बोलावयाचें तर पायांखालची मातीहि निराळी. १६८० सालीं पोपे नांवाच्या पुढाऱ्याच्या हाकेस ओ देऊन हीं विखुरलेलीं गांवें एक झालीं व त्यांनीं स्पॅनिश सत्ता हांकून लावली. पुढें बारा वर्षें त्यांचा मुलूख स्वतंत्र राहिला. नंतर स्पेन, मेक्सिको आणि अमेरिका अशा तीन राजवटी त्यांनीं पाहिल्या. तरी त्यांच्या भाषा, त्यांचीं व्रतें आणि त्यांचें मातीकाम हीं टिकून आहेत.

हा प्रदेश उंच पठाराचा आणि कोरडा आहे. पुष्कळ ठिकाणीं वर्षाकाठीं ३० सेंटिमीटर पाऊस पडला तरी समाधान मानावें लागतें. मका, घेवडा आणि भोपळा हीं तेथलीं जुनीं पिकें. झऱ्याचें पाणी सांठवावयाचें, धान्य उंदीरकिड्यांपासून राखावयाचें आणि कडक घेवडा तासन् तास शिजवावयाचा, ह्या तिन्ही गोष्टी मातीच्या भांड्यावांचून होण्यासारख्या नव्हत्या. म्हणून दीड हजार वर्षांहून अधिक काळ तेथें भांडीं घडविलीं जात आहेत. त्यांच्यांत कुंभार अशी निराळी जात नाहीं. परंपरेनें हें काम घरोघरच्या बायकांचें. मुलगी आईच्या, आजीच्या शेजारीं बसून पाहतां पाहतां शिकते. पुरुष माती आणणें, जळण जमविणें व कोठें कोठें नक्षी काढणें ह्यांत हात लावतात.

मातीच्या खाणीकडे जाणें हेंच एक कर्तव्यकर्म मानलें जातें. टेवा भाषा बोलणाऱ्या सांता क्लारासारख्या गांवांत मातीला माय म्हणून हांक मारतात. ह्या मातीमायेची परवानगी मागावयाची, तिच्यापुढें चिमूटभर मक्याचें पीठ वाहावयाचें आणि मगच खणावयाचें. तेंहि लागेल तेवढेंच. घरीं आणलेली माती वाळवितात, भिजवितात, चाळून खडे काढतात, आणि तींत प्रत्येक गांवाच्या रीतीप्रमाणें भर घालतात. अॅकोमाला खापऱ्यांची पूड, सॅन इल्देफॉन्सोला ज्वालामुखीची राख, झिआ येथें काळ्या अग्निजन्य दगडाचा चुरा. टाओस व पिकुरिस ह्या गांवांच्या मातींत मुळांतच अभ्रक असतें. त्यामुळें तेथलीं भांडीं चमकतात आणि विस्तवावर स्वयंपाकाला उत्तम उतरतात.

कुंभार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें फिरतें चाक उभें राहतें. पुएब्लो लोकांनीं चाक वापरलें नाहीं. उथळ परळासारख्या ठाव्यांत मातीची चपटी थापी बसवावयाची, मग हातानें लांब वळ्या वळून त्या एकावर एक रचीत भांडें उभें करावयाचें, आणि वाळलेल्या भोपळ्याच्या तुकड्यानें आंतूनबाहेरून खरवडून वळ्यांचे सांधे बुजवावयाचे, अशी त्यांची पद्धति आहे. भांडें स्थिर असतें. फिरतो तो बाईचा हात. असें असूनहि त्याचा गोलवा पाहून चाकावरचा कुंभारहि थक्क व्हावा. पाण्याच्या घागरीचा तळ पुष्कळदां आंत दबलेला ठेवतात, म्हणजे ती डोक्यावर नीट बसते.

मग रंगाच्या मातीचा पातळ लेप देऊन तो गुळगुळीत गोट्यानें घोटतात. हे गोटे आईकडून मुलीकडे येतात, आणि कित्येक पिढ्यांच्या हातांनीं ते झिजलेले असतात. नक्षीसाठीं युका नांवाच्या झुडपाचें पान चावून त्याच्या तंतूंची कुंचली करतात. काळा रंग एका रानवनस्पतीचा काढा आटवून किंवा लोखंडाचा अंश असलेला दगड उगाळून करतात. नक्षीचा कच्चा आराखडा काढण्याची पद्धत नाहीं. सगळी आकृति मनांत धरून बाई पहिली रेघ ओढते, आणि भांड्याला वळसा घालून ती रेघ बरोबर आपल्या जागीं परत येते. रूथ बन्झेल ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाईनें ह्या कुंभारणींजवळ बसून शिकून १९२९ सालीं त्यांच्या कलेवर एक ग्रंथ लिहिला. नक्षी आपल्याला स्वप्नांत दिसते, असें सांगणाऱ्या बायका तिला भेटल्या होत्या.

शेवटची परीक्षा अग्नीची. पारंपरिक रीतींत बंदिस्त भट्टी नसते. उघड्या जागीं भांडीं रचून भोंवतीं लांकडें व वाळलेल्या शेणाच्या ढेपा लावून जाळ करतात. वाऱ्याची एक झुळूक आली, मातींत ओल राहिली, एखादा खडा चुकून राहिला, कीं महिन्याची मेहनत एका आवाजासरशी फुटते. म्हणून भाजणीच्या वेळीं मनांत वाईट विचार आणूं नये, भांडण करूं नये, प्रार्थना करावी, असा दंडक आहे. काळ्या भांड्यांची युक्ति ह्याच वेळची. जाळ ऐन भरांत असतांना त्यावर शेणाची कोरडी भुकटी लोटून तो कोंडतात. हवा न मिळाल्यामुळें मातींतील गेरूसारखा तांबडा लोह काळा पडतो, धुराचा कार्बन अंगांत मुरतो, आणि तांबडें भांडें काळेंभोर होऊन बाहेर येतें.

आतां ह्या भांड्यांच्या अर्थाकडे वळूं. फ्रँक कुशिंग हा संशोधक १८७९ पासून कांहीं वर्षें झुनी गांवांत राहिला होता. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यानें तेथील बायकांची एक समजूत नोंदविली आहे. भांडें घडत गेलें कीं त्यांत एक जीव वस्तीला येतो. भांडें वाजतें किंवा त्यांत अन्न रटरटतें तो त्याचाच आवाज. आणि भाजतांना तें तडकलें, तर तो आवाज निसटून जाणाऱ्या त्या जीवाची आरोळी असते. भांड्याच्या मानेभोंवतीं ओढलेली रेघ ह्या बायका पुरी मिटवीत नसत, एक लहानशी फट ठेवीत. ती त्या जीवाची वाट, असें त्यांनीं त्याला सांगितलें. सिक्याट्की ह्या ओस पडलेल्या होपी गांवाच्या कित्येक शतकांपूर्वींच्या भांड्यांवरहि अशीच खंडित रेघ आढळते.

नक्षींत पुन्हां पुन्हां येतें तें पाणी. पायऱ्यांसारखी आकृति म्हणजे ढग, तिच्याखालच्या उभ्या रेघा म्हणजे पाऊस. झुनींच्या पूजेच्या भांड्यांचे कांठच पायऱ्यांसारखे कापलेले असतात, आणि त्यांवर बेडूक, बेडकांचीं पिलें व चतुर हे पाण्याचे सोबती रंगविलेले असतात. सॅन इल्देफॉन्सो व सांता क्लारा येथील भांड्यांवर आवान्यू नांवाचा जलसर्प वळसे घेत जातो. सांता क्लाराच्या घागरींवर अस्वलाचा पंजा उमटविलेला दिसतो. दुष्काळांत अस्वलानें पाण्याची वाट दाखविली, अशी तेथें कथा सांगतात. ज्या घागरींत पाणी भरावयाचें, तिच्यावर पावसाची प्रार्थना लिहिलेली असते, असें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. मात्र प्रत्येक रेघेचा कोश तयार करण्याचा मोह आवरला पाहिजे. एकाच आकृतीला दोन बायका दोन नांवें देतात, आणि कांहीं आकृति केवळ डोळ्याला बऱ्या वाटतात म्हणूनच काढलेल्या असतात, असें बन्झेलला आढळून आलें. शिवाय पूजाविधींतील कांहीं अर्थ परक्यांस सांगावयाचे नाहींत, असा ह्या गांवांचा नियम आहे, आणि तो पाळणें हा पाहुण्याचा धर्म आहे.

१८८० च्या सुमारास आगगाडी न्यू मेक्सिकोंत पोंचली आणि ह्या जुन्या व्यवस्थेला हादरा बसला. गाडीबरोबर पत्र्याच्या बादल्या व लोखंडी भांडीं आलीं. न फुटणारी बादली हातीं आल्यावर घागरीसाठीं कोण कष्ट घेणार? त्याच गाडीनें प्रवासी आले, आणि त्यांना आठवण म्हणून नेण्यास सोपे असे लहान, स्वस्त नमुने हवे होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेनें १८७९ पासून माणसें पाठवून हजारों भांडीं गोळा करून नेलीं. ही कला आतां मरणार, तेव्हां तिचे अवशेष तरी जपावे, अशी त्यांची कल्पना होती. परिणाम असा झाला कीं मुलींनीं ज्या जुन्या घागरी पाहून शिकावयाचें, त्याच गांवांतून नाहींशा झाल्या.

परंतु कला मेली नाहीं. तिला पुन्हां उभारी देणाऱ्या बायकांत दोन नांवें विशेष आहेत. पहिली नांपेयो, होपींच्या शेजारीं राहणाऱ्या टेवा लोकांच्या हानो गांवची. तिनें सिक्याट्कीच्या जुन्या खापऱ्यांवरील पक्ष्यांच्या पंखांच्या व वळणांच्या आकृतींचा अभ्यास केला. १८९५ सालीं फ्यूक्स ह्या संशोधकानें तेथें उत्खनन केलें, तेव्हां तर तिला पुरीं भांडींच पाहावयास मिळालीं. तिनें नुसती नक्कल केली नाहीं. जुन्या आकृति आत्मसात् करून त्यांतून स्वतःची रचना उभी केली. १९०५ सालीं ग्रँड कॅन्यन येथें प्रवाशांपुढें बसून ती भांडीं घडवून दाखवीत असे. उतारवयांत तिची दृष्टि गेली, तरी बोटांच्या स्पर्शानें ती भांडीं घडवीत राहिली आणि घरचीं माणसें त्यांवर नक्षी काढीत. १९४२ सालीं ती वारली.

दुसरी सॅन इल्देफॉन्सोची मारिया मार्तिनेझ. १९०७ नंतर एडगर ह्यूएट ह्यांनीं जवळच्या पठारावर उत्खनन चालविलें होतें. मारियाचा नवरा हुलियान तेथें कामावर होता. सांपडलेल्या खापऱ्या दाखवून तसें भांडें होईल का, असें ह्यूएटनीं मारियाला विचारलें. ह्या प्रयोगांतून पतिपत्नींनीं काळ्या भांड्यांची वाट धरली, आणि १९१९ च्या सुमारास एक नवीन रीति शोधली. मारियानें भांडें घडवून आरशासारखें घोटावयाचें, त्या घोटलेल्या अंगावर हुलियाननें मातीच्या पातळ लेपानें नक्षी काढावयाची, आणि मग कोंडलेल्या धुरांत भाजावयाचें. घोटलेला भाग चकाकतो, नक्षीचा भाग मंद राहतो. काळ्यावर काळें असें तें काम जगभर गाजलें.

येथें एक मोठा मौजेचा, पण विचार करावयास लावणारा प्रसंग घडला. पूर्वीं भांड्यावर नांव घालण्याची चाल नव्हती. भांडें मातीमायेचें, त्यावर आपली सही कसली? परंतु नांव असलेल्या भांड्याला अधिक किंमत येते, असें व्यापाऱ्यांनीं व हितचिंतकांनीं सांगितलें, म्हणून १९२० नंतरच्या दशकांत मारिया आपल्या भांड्यांवर नांव घालूं लागली. लौकरच तिच्या सहीच्या भांड्यांना दाम येऊं लागला आणि शेजारणींचीं भांडीं पडून राहूं लागलीं. त्यांनीं मारियाजवळ ही गोष्ट काढली. मारियानें त्यांच्याहि भांड्यांवर आपलें नांव घालून दिलें. विकत घेणाऱ्यांच्या जगांत ही फसवणूक ठरते. मारियाच्या जगांत ती शेजारधर्माची गोष्ट होती. नांवानें जर शेजारणीच्या घरीं दोन पैसे येत असतील, तर तें नांव वाटून घ्यावें, इतकें तें सरळ होतें. पुढें हा प्रकार बंद करावा लागला. परंतु काळ्या भांड्यांची युक्ति मात्र तिनें कधीं लपविली नाहीं. विचारील त्याला ती शिकविली, आणि साऱ्या गांवाला त्यावर पोट भरतां आलें. १९४३ सालीं हुलियान वारला. नंतर ती सुनेबरोबर आणि मुलाबरोबर काम करीत राहिली. १९८० सालीं तिचा अंत झाला.

मालकीचा हा प्रश्न नांवापुरताच नाहीं. न्यू मेक्सिको राज्याच्या ध्वजावर पिवळ्या भूमीवर तांबडा सूर्य आहे. त्याच्या चारी बाजूंस चार चार किरणें आहेत. १९२५ सालीं स्वीकारलेलें हें चिन्ह झिआ गांवच्या एका पूजेच्या भांड्यावरून घेतलेलें आहे. चार दिशा, चार ऋतु, दिवसाचे चार भाग आणि आयुष्याच्या चार अवस्था त्यांत सामावलेल्या आहेत, असें सांगतात. राज्याला तें सुंदर वाटलें, परंतु झिआच्या लोकांना कोणी विचारलें नव्हतें. पुढें तें चिन्ह दुकानांच्या पाट्यांवर आणि नाना तऱ्हेच्या मालावर चढलें. निदान परवानगी तरी मागावी, हें झिआच्या लोकांचें म्हणणें अजून चालू आहे.

सर्वांत नाजूक गोष्ट थडग्यांतील भांड्यांची. न्यू मेक्सिकोच्या नैर्ऋत्येस मिंब्रेस नदीच्या खोऱ्यांत इ. स. १००० ते ११३० च्या सुमारास राहणारे लोक मृताच्या मस्तकावर एक वाडगा पालथा घालीत आणि त्याच्या तळाला भोंक पाडीत. त्या वाडग्यांवरील ससे, मासे आणि माणसें इतकीं रेखीव आहेत कीं संग्राहकांच्या हव्यासापायीं चोरट्यांनीं यंत्रें लावून तीं थडगीं उकरलीं. अमेरिकेंत १९९० सालीं कायदा होऊन थडग्यांतील अस्थि व वस्तु त्या त्या वारसांस परत मागण्याचा हक्क मिळाला. त्याप्रमाणें पेकोस ह्या ओसाड पुएब्लोंतून १९१५ ते १९२९ ह्या काळांत खणून नेलेल्या जवळजवळ २००० माणसांच्या अस्थि १९९९ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयांतून परत आल्या. पेकोसची शेवटचीं माणसें १८३८ सालीं हेमेस गांवीं राहावयास गेलीं होतीं; त्यांच्या वंशजांनीं त्या अस्थि, सोबत पुरलेल्या वस्तूंसह, पुन्हां पेकोसच्या मातींत ठेवल्या. शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांतील भांडीं अभ्यासकांच्या हातून गेलीं. हेमेसच्या लोकांच्या दृष्टीनें तीं घरीं आलीं.

म्हणजे मग संग्रहालयें रिकामीं करावयाचीं काय? ह्या प्रश्नाला अलीकडे एक विचारपूर्वक उत्तर मिळालें आहे. १९२२ सालीं सांता फे शहरांतील कांहीं कलाप्रेमी लोकांनीं पुएब्लो भांड्यांच्या संग्रहासाठीं एक निधि उभारला होता. त्या भांड्यांचा आज मोठा साठा झाला आहे. २०२२ सालीं त्यांतून एक प्रदर्शन भरविलें गेलें, आणि पुढील वर्षीं तें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत गेलें. कोणतीं भांडीं मांडावयाचीं आणि त्यांविषयीं काय सांगावयाचें, हें ह्या वेळीं पंडितांनीं ठरविलें नाहीं. पुएब्लो समाजांतील साठांहून अधिक माणसांनीं ठरविलें. त्यांत कुंभार होते, कवि होते, आणि इतर व्यवसायांतले लोकहि होते. प्रत्येकानें आपलें म्हणून एखादें भांडें निवडलें आणि त्याजविषयीं आपल्या शब्दांत लिहिलें. शतकभर फळीवर बसलेल्या घागरीला तिच्याच माणसांनीं आपलीशी म्हटलें.

आजहि ह्या गांवांतून मुली माती मळतात. कोणी विजेच्या भट्टींत भाजतात, कोणी शेणाच्या जाळालाच चिकटून आहेत. कोणाची भांडीं मोठ्या दामाला विकलीं जातात. पैशानें हें काम बिघडलें, असें म्हणणारे टीकाकार आहेत. परंतु ज्या घरांत भांड्यावर मुलांचें शिक्षण होतें, त्या घराला असें सांगणें सोपें नाहीं. खाणीजवळ पीठ वाहण्याची चाल अनेक घरांत अजून पाळली जाते. आपल्यापैकीं कोणाला असें एखादें भांडें प्रत्यक्ष किंवा चित्रांत पाहावयास मिळालें, तर नक्षीबरोबर त्याचा तळ आणि कांठहि पाहावा. डोक्यावरच्या चुंबळीनें झिजलेला तळ, ओगराळें लागून गेलेला कांठ, चुलीची काजळी, ह्या खुणांवरून तें भांडें कोणाच्या घरीं नांदत होतें, हें कळून येतें.